तंबोऱ्याची तार मधोमध छेडली तर

तार जिथे छेडली जाते, तिथे ज्या हार्मोनिकचा (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या स्वराचा) निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, पडतो तो हार्मोनिक आवाजात उमटत नाही. थॉमस यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम. तंबोरा आपण तारेच्या मध्याच्या आसपासच छेडतो, आणि मध्यावर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा सगळ्या सम हार्मोनिकांचे निस्पंद असतात. नियम धरून बसलं तर जोडीच्या (षड्जाला लावलेल्या दोन तारांपैकी एका) तारेतून वरचा षड्ज, म्हणजे दुसरा हार्मोनिक, ऐकू यायलाच नको. प्रत्यक्षात तो भरभरून येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला, त्यात नेमकं यावरच बोट ठेवलं: तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, आणि त्याचं कारण घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या तुकड्याच्या, रुंद, वळणदार माथ्यात आहे.

हे घरी पडताळता येतं. जोडीच्या तारेखाली, घोडीच्या दांडीकडच्या कडेवर आगपेटीच्या काडीचा पातळ तुकडा सरकवा, म्हणजे तार एका धारदार टोकावर टेकेल. त्या काडीपासून अटीपर्यंतचं (खुंट्यांकडे तार जिथे टेकते त्या पट्टीपर्यंतचं) अंतर मोजून मध्यावर पेन्सिलीची खूण करा. मऊ बोटाने बरोबर तिथे छेडा आणि लगेच त्याच जागी बोटाचं टोक अलगद टेकवा. तार जवळजवळ गप्प होते. विषम हार्मोनिक बोटाने मारले आणि सम मुळात नव्हतेच. (खूण सेंटिमीटरभर चुकली तरी एक मीटरच्या तारेत दुसऱ्या हार्मोनिकचा आयाम मूळ स्वराच्या दीड-पावणेदोन टक्केच असतो, त्यामुळे फार काटेकोर व्हायची गरज नाही.) आता काडी काढा, जवारीचा, म्हणजे झंकारासाठी घोडीवर तारेखाली घातलेला, दोरा जागेवर आणा, तार पुन्हा सुरात घ्या आणि हेच करा. बोट टेकवल्यावरही वरचा षड्ज वाजत राहतो. छेडताना जो हार्मोनिक तारेत नव्हता तो नंतर तारेत आला. तो घोडीने घातला.

तंबोरा समजून घ्यायचा तर ही एक गोष्ट पक्की धरावी: तारेची लांबी, ताण आणि वजन यांनी फक्त सूर ठरतो. आवाज ठरतो तो तारेच्या टोकाशी. बहुतेक लोक सगळा वेळ खुंट्या पिळण्यात घालवतात आणि टोकाकडे बघतच नाहीत.

तरीही सुरुवात सुरापासूनच करावी लागते. मरिन मेर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने १६३६ साली मांडलेले नियम आजही तसेच लागू आहेत. लांबी दुप्पट केली की वारंवारता निम्मी. ताण चौपट केला की वारंवारता दुप्पट. दर मीटरचं वजन चौपट केलं की वारंवारता निम्मी. तारेतल्या लाटेचा वेग म्हणजे ताणाला दर मीटरच्या वजनाने भागून काढलेलं वर्गमूळ, आणि वारंवारता म्हणजे तो वेग भागिले लांबीची दुप्पट.

आकडे घालून बघू. मर्दानी तंबोरा, घोडी ते अटी एक मीटर, सूर काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी). जोडीचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, पंचम १०४, खर्ज (खालच्या सप्तकातला षड्ज) ६९.३. जोडीला ०.३० मिलिमीटरची पोलादी तार घेतली तर तिचं वजन दर मीटरला ०.५५५ ग्रॅम. लाटेचा वेग २७७ मीटर प्रति सेकंद हवा, म्हणून ताण ४२.६ न्यूटन, म्हणजे तारेला सुमारे ४.३ किलो वजन टांगल्याइतका. तीच तार खर्जाला लावली तर ताण चौथा हिस्सा, जेमतेम १.१ किलो उरेल. इतकी सैल तार घोडीवर नीट बसत नाही, सूरही धरत नाही. म्हणून खर्जाला ०.५० मिलिमीटरची पितळी तार: ताण ३.३ किलोच्या आसपास येतो. पंचमाला ०.३५ ची पोलादी तार घेतली की तिथेही ३.३ किलो. चारही मिळून तबली (घोडी जिच्यावर बसते ती लाकडी फळी) आणि दांडीवर १५ किलोंचा भार.

खर्ज पितळी का, याचं उत्तर बरेच जण ‘पितळ जड असतं’ असं देतात. ते अर्धंच खरं आहे. पितळ पोलादापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनीच जड आहे. खरा फायदा ताठपणात आहे. पितळाची लवचिकता पोलादाच्या जवळपास दुप्पट, म्हणून तितकीच जाड पितळी तार निम्मी ताठ. ताठ तारेत वरचे हार्मोनिक पूर्ण पटीत बसत नाहीत, थोडे चढे सरकतात. वर सांगितलेल्या पितळी खर्जात पाचवा हार्मोनिक २ सेंट चढतो, दहावा ८ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). त्याच जाडीचं पोलाद लावलं तर हा चढ जवळपास दुप्पट होईल, आणि खर्जातून ऐकू येणारा गंधार बिघडायला तेवढं पुरतं.

इथे एक घोळ नेहमी होतो, तो दूर केलेला बरा. तारेतली लाट आणि हवेतली लाट या दोन वेगळ्या लाटा आहेत. जोडीच्या तारेतली लाट २७७ मीटर वेगाने धावते आणि तिची तरंगलांबी दोन मीटर. तोच स्वर हवेत सुमारे ३४५ मीटर वेगाने जातो, तरंगलांबी अडीच मीटर. दोन्हीकडे सारखी राहते ती फक्त वारंवारता. शिवाय ०.३ मिलिमीटरची तार स्वतः हवा हलवू शकत नाही, हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. आवाज देते ती तबली. तार घोडीला ढकलते, घोडी तबलीला. म्हणूनच घोडीचा बुड तबलीवर कुठेही उचललेला असेल तर तार कितीही चांगली असली तरी तंबोरा बारीकच वाजतो.

आता खुंटी आणि मणी (घोडीमागे तारेत ओवलेला). ४२.६ न्यूटन ताणाखाली ही पोलादी तार मीटरमागे ३ मिलिमीटर ताणलेली असते. सूर एक सेंट चढवायचा तर ती आणखी किती ताणावी लागते? साडेतीन मायक्रॉन. दहा सेंटांना ३५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. खुंटीचा दांडा १० मिलिमीटर जाडीचा असेल तर एक अंश फिरवल्यावर तार ८७ मायक्रॉन ओढली जाते आणि सूर २० ते २५ सेंट उडतो. लाकडी खुंटी एक अंशापेक्षा बारीक फिरवणं हाताला जमत नाही, ती चिकटते आणि मग एकदम सुटते. म्हणून खुंटीने सूर किंचित खाली ठेवायचा आणि उरलेलं काम मण्याने करायचं. मणी घोडीपासून लंगोटाकडे (तारा खाली जिथे बांधतात तिकडे) सरकवला की तार वर उचलली जाते, ताण वाढतो, सूर चढतो. मणी घोडीजवळच्या बाजूला ठेवूनच खुंटीचं काम संपवावं, नाहीतर चढवायला जागा उरत नाही.

तार जोरात छेडली तरी सूर चढतो. मध्यावर ५ मिलिमीटरचा हेलकावा दिला तर जोडीची तार सुरुवातीला ९ सेंटांनी चढी वाजते आणि मग खाली येऊन बसते. दोन मिलिमीटरला हा फरक दीड सेंटही नसतो. तंबोरा हलक्या हाताने छेडा असं सांगतात त्यामागे हे आहे. लावणाऱ्याने जोरात छेडून सूर मिळवला आणि साथीदाराने मैफलीत हळू छेडला, तर सगळा तंबोरा उतरलेला भासतो.

मैफलीत दिवे लागले की काय होतं तेही याच हिशोबातून निघतं. तार पाच अंशांनी तापली आणि लाकूड अजून थंडच असलं, तर जोडीची पोलादी तार १७ सेंट उतरते. पितळी खर्ज मात्र तब्बल ५० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा अर्धा. कारण पितळ जास्त प्रसरण पावतं आणि खर्ज मुळातच कमी ताणलेला असतो, मीटरमागे फक्त १.६ मिलिमीटर. ‘खर्ज सारखा उतरतो’ या तक्रारीत बहुतेक वेळा खुंटीचा दोष नसतो. तंबोरे कार्यक्रमाआधी अर्धा तास मंचावर, दिव्यांखाली ठेवावेत आणि मगच लावावेत. पंख्याचा किंवा एसीचा झोत तारांवर येऊ देऊ नये, तो उलट्या दिशेने हाच खेळ करतो.

जोडीच्या दोन तारा एकमेकींशी मिळवताना कान मूळ स्वरावर ठेवून उपयोग नाही. एक १३८.६ आणि दुसरी १३८.४ असेल तर मूळ स्वराचा ठोका पाच सेकंदांनी एकदा येतो, तो कुणाला कळणार? पण त्याच तारांच्या दहाव्या हार्मोनिकमध्ये सेकंदाला दोन ठोके पडतात. जवारी खुली असली, म्हणजे झंकार मोकळा असला, की हे वरचे हार्मोनिक मोठे ऐकू येतात, म्हणून खुल्या जवारीचा तंबोरा बारीक सुरात लावता येतो आणि बंद जवारीचा येत नाही. पंचम मिळवताना त्याचा चौथा हार्मोनिक आणि जोडीचा तिसरा हार्मोनिक एकत्र आणायचे, दोन्ही ४१५.८ हर्ट्झवर. मोबाईलवरच्या ट्यूनरने पंचम लावू नये. तो समविभाजित (सप्तकाचे बारा सारखे भाग करून काढलेला) पंचम दाखवतो, जो दोन सेंट कमी असतो, आणि मग दर दोन सेकंदांना एक संथ लाट ऐकू येत राहते. ट्यूनरने एक जोडीची तार लावावी, बाकी तीन कानाने.

खर्जातला स्वयंभू गंधार म्हणजे पाचवा हार्मोनिक, ३४६.५ हर्ट्झ. हार्मोनियमवरचा तोच गंधार ३४९.२ वर असतो. १४ सेंटांचा हा फरक सेकंदाला पावणेतीन ठोके देतो, आणि पेटीवाल्याने गंधारावर बोट ठेवून धरलं की तंबोऱ्याशी होणारी कुरकुर तीच. पंचमाच्या तारेचा तिसरा हार्मोनिक रिषभ देतो, पाचवा शुद्ध निषाद. खर्जाचा सातवा हार्मोनिक धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधे पडतो आणि कुठल्याच रूढ स्वराशी जुळत नाही. तो फार पुढे आला तर दोरा किंचित हलवून मागे ढकलता येतो.

आता घोडी. तिचा माथा पाहिल्यावर सपाट वाटतो, पण स्टीलची पट्टी आडवी ठेवून उजेडासमोर धरला की दांडीच्या बाजूला अगदी हलका उतार दिसतो. दोरा तारेला किंचित उचलतो. दोऱ्याच्या पुढे, दांडीकडे, काही मिलिमीटरच्या पट्ट्यात तार घोडीला जवळजवळ स्पर्श करत राहते. तार वर जाते तेव्हा तिचं टोक दोऱ्यावर असतं. खाली येते तेव्हा ती त्या पट्ट्याला टेकते आणि कंप पावणारी लांबी तेवढी कमी होते. दर सेकंदाला १३८ वेळा टोक पुढेमागे होतं. यंग-हेल्महोल्ट्झचा नियम टोक पक्कं बांधलेलं आहे असं गृहीत धरतो, इथे ते गृहीतच मोडतं. टोक हलतं, म्हणून खालच्या हार्मोनिकांची ऊर्जा वरच्यांत जाते, मुळात नसलेल्यांतही.

आणखी बारकाईने पाहिलं तर असं होतं. छेडल्यावर तारेत दोन कोपरे तयार होतात आणि विरुद्ध दिशांना धावतात. दोन मीटरची फेरी ७.२ मिलिसेकंदांत पूर्ण होते. दर फेरीला कोपरा घोडीशी आला की तार त्या उतारावर टेकते आणि एक टोकदार छोटा धक्का परत दांडीकडे निघतो. ताठपणामुळे या धक्क्यातल्या उंच वारंवारतेच्या लहरी थोड्या पुढे पळतात. काही फेऱ्यांनंतर मुख्य कोपऱ्याच्या पुढे बारीक लहरींची एक पुंजकी धावू लागते. झंकार म्हणतो तो हाच. आयाम जसा घटतो तसं तारेचं घोडीवर टेकणं बदलतं, आणि ठळक ऐकू येणारा हार्मोनिक वरून खाली एकेक पायरी उतरत येतो. चांगल्या जवारीत एकदा छेडल्यावर ही उतरण स्पष्ट मोजता येते. माझ्या मते तंबोऱ्याचा खरा कस हाच: उतरण मधेच तुटत असेल तर दोरा किंवा घोडी चुकली आहे.

दोरा लावताना साधा सुती शिलाईचा दोरा चालतो, खर्जाला बऱ्याचदा दुहेरी घ्यावा लागतो. नायलॉन टाळावा, तो घसरतो. तार आधी सुरात आणावी. १०-१२ सेंटिमीटरचा तुकडा तारेखालून घोडीच्या दांडीकडच्या कडेला आणायचा. दोन्ही टोकं एका हातात ताठ धरायची, दुसऱ्या हाताने तार सतत हळू छेडत राहायची आणि दोरा लंगोटाकडे केसाकेसाने सरकवायचा. कडेला असताना आवाज स्वच्छ पण बंद असतो. मागे येताना तो उघडू लागतो, मग एका जागी एकदम फुलतो. त्याही मागे गेला की आधी पत्र्यासारखा खरखरतो आणि शेवटी गुदमरतो. खरखर सुरू व्हायच्या जरा अलीकडे थांबायचं. फुलण्याची ही जागा मिलिमीटरभरही रुंद नसते, म्हणून ओढायची घाई करू नये. दोरा बसला की सूर किंचित सरकलेला असतो, तो मण्याने परत आणायचा आणि पुन्हा ऐकायचं. सूर बदलला तर दोऱ्याची जागाही बदलते.

दोरा कुठेही नेला तरी आवाज फुलत नसेल, तर घोडीकडे बघा. पोलादी तार हाडाच्या किंवा अबनूसच्या माथ्यात हळूहळू खाच पाडते. खाचेत तार दोन्ही बाजूंनी धरली जाते आणि टेकण्या-सुटण्याला मोकळीक राहत नाही. तार बाजूला करून नख आडवं फिरवलं की खाच लागते. मग जवारी नव्याने काढावी लागते: बारीक कानस, त्यावर पॉलिश पेपर, मधूनमधून तार चढवून ऐकणं. मिरजेतले तंतुवाद्य कारागीर हे काम पिढ्यानपिढ्या करत आले आहेत, आणि तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. घरी कानस चालवू नये असं माझं ठाम मत आहे. काढलेलं हाड परत लावता येत नाही, आणि उतारात एका तारेपुरती चूक झाली तरी सगळा माथा पुन्हा घासावा लागतो.

घोडीला दोष देण्याआधी मात्र बाकीच्या खरखरी तपासाव्यात. अटीवरची खाच खोल झाली असेल तर तार तिथेही गुणगुणते. तिथे तारेखाली कागदाची घडी घालून ऐका, आवाज गेला तर दोष वरच्या टोकाचा. सैल मणी तबलीवर थरथरतो, तो बोटाने दाबून कळतं. तबलीचा सांधा सुटलेला असेल तर एकाच स्वरावर घरघर येते आणि सूर बदलला की जाते. तार एकदा मुडपली गेली असेल, किंवा घामाने जागोजाग गंजली असेल, तर तिचं वजन आणि ताठपणा सगळीकडे सारखा राहत नाही. मग तिचे हार्मोनिक पटीत बसत नाहीत आणि ती स्वतःशीच बेसूर वाजते. अशा तारेवर कितीही वेळ घालवला तरी पंचम जुळत नाही. ती बदलावी. गुंडाळी सोडताना तार फिरवत सोडावी, ओढून काढली की पीळ पडतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती ऐनवेळी सूर बदलताना. गायकाने काळी एकऐवजी काळी दोन मागितली तर ताण सव्वापट होतो आणि एकूण भार १५ वरून १९ किलोंवर जातो. दांडी आणि तबली किंचित वाकतात. पहिली तार वर नेऊन झाल्यावर बाकीच्या तीन चढवल्या की पहिली उतरलेली सापडते. म्हणून आधी चारही तारा अदमासाने वर न्याव्यात, वाद्य दहा मिनिटं तसंच ठेवावं, मग जोडीपासून नीट लावायला घ्यावं आणि शेवटी चारही दोरे नव्याने बसवावेत. त्याच मर्दानी तंबोऱ्यावर गायिकेची काळी चार मागितली तर जोडीच्या एका तारेचा ताणच ९.७ किलोंवर जातो. तार कदाचित तग धरेल, तबली आणि घोडीचा सांधा धरेलच असं नाही. तिथे जनानी तंबोराच आणावा, ज्याची तार आखूड असते.